सीआरच्या एक्सरेवर आधीच्या पेशंटची सावली पुन्हा पुन्हा येते: दोष कुठे शोधायचा

सीआर म्हणजे कम्प्युटेड रेडिओग्राफी: फिल्मऐवजी कॅसेटमधल्या प्लेटवर एक्सरे घ्यायचा आणि ती प्लेट रीडर नावाच्या यंत्रात वाचायची. त्यावर चेस्ट पीए (छातीचा मागून पुढे काढलेला एक्सरे) काढला आणि उजव्या फुप्फुसाच्या तळाशी एक सरळ, फिकट कड दिसते. बरगडी नाही, नळी नाही, गाऊनची घडीही नाही. मॉनिटरवर मोठं करून पाहिलं की ती कड काटकोनात वळते आणि कोपऱ्यापाशी आडवं पडलेलं शिशाचं 'आर' (उजव्या बाजूची खूण) पुसटसं दिसतं. या पेशंटला तर 'एल' मार्कर लावला होता. म्हणजे ही कड या छातीची नाहीच. तासाभरापूर्वी त्याच कॅसेटवर कंबरेचा लॅटरल (बाजूने घेतलेला एक्सरे) काढला होता, त्याच्या कोलिमेशनची, म्हणजे किरणांचा झोत आवळून ठेवतो त्या मर्यादेची, ती चौकट आहे.

एक्सपोजर पुन्हा दिलं की सावली बहुतेक वेळा जाते, म्हणून काम पुढे सरकतं. काही दिवसांनी दुसऱ्या कॅसेटवर तेच. तक्रार केली की उत्तर मिळतं, "प्लेट जुनी झाली, नवी घ्या." नवी प्लेट येते, काही आठवडे बरं चालतं आणि सावली परत हजर. छोटे दवाखाने, तालुक्याची एक्सरे सेंटरं, सगळीकडे ही तक्रार ऐकू येते. यात नुकसान पेशंटचं होतं. एकाला कारण नसताना दुसऱ्यांदा किरणं घ्यावी लागतात. दुसऱ्याच्या फुप्फुसातली परकी सावली कोणाच्या लक्षातच येत नाही आणि ती डाग म्हणून रिपोर्टमध्ये जाते. हा दुसरा प्रकार मला जास्त गंभीर वाटतो, कारण त्याची तक्रार करायला कोणी येत नाही.

म्हणून प्लेट बदलायच्या आधी सावली कशाबरोबर फिरते ते बघा: प्लेटबरोबर, रीडरबरोबर, की प्लेट ठेवायच्या जागेबरोबर. माझ्या पाहण्यात खरोखर प्लेटच बिघडलेली असते असं फार कमी वेळा होतं.

सावली मुळात राहते का

सीआरची पांढरी प्लेट म्हणजे बेरियम फ्लोरोब्रोमाइडच्या बारीक कणांचा थर, त्यात युरोपियमचा किंचित अंश. बऱ्याच प्लेटमध्ये ब्रोमाइडचा थोडा भाग आयोडाइडने बदललेला असतो, तर सुईसारख्या स्फटिकांच्या प्लेटमध्ये सीझियम ब्रोमाइड असतं. एक्सरे पडला की स्फटिकातले इलेक्ट्रॉन सुटतात आणि त्यातले काही स्फटिकातल्या रिकाम्या जागांमध्ये अडकून बसतात. जिथे किरणं जास्त पडली तिथे जास्त अडकतात. हीच डोळ्यांना न दिसणारी प्रतिमा. रीडरमध्ये लाल लेझर प्लेटवरून रेघेरेघेने फिरतो आणि या इलेक्ट्रॉनना मोकळं करतो. परत जागेवर जाताना त्यांची ऊर्जा युरोपियममधून निळसर-जांभळ्या प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते, साधारण 390 ते 400 नॅनोमीटरचा प्रकाश. फिल्टर लेझरचा लाल प्रकाश अडवतो आणि निळा तेवढा फोटोमल्टिप्लायरकडे, म्हणजे प्रकाशाचा विजेचा सिग्नल करणाऱ्या भागाकडे सोडतो.

आपल्याला किती किरणं लागली हे मोजायला छातीवर लावतो त्या टीएलडी बॅजचं तत्त्व याच कुळातलं आहे. बॅजमधली डिस्प्रोसियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटची चकती अशीच ऊर्जा धरून ठेवते. फरक इतकाच, की ती तापवून मोजतात आणि प्लेट लेझरने.

सावलीचं सगळं मूळ एका गोष्टीत आहे. लेझरच्या एका फेरीत प्लेट रिकामी होत नाही. साठलेल्या ऊर्जेचा बराच भाग वाचून झाल्यावरही प्लेटमध्ये उरतो. म्हणून वाचन संपताच रीडर प्लेटला प्रखर दिव्यांखालून नेतो आणि उरलेलं पुसतो. आपण त्याला इरेज म्हणतो. कोडॅकमधल्या जॉर्ज लकी यांना या कल्पनेचं पेटंट 1975 मध्ये मिळालं, फुजीने 1981 मध्ये ती यंत्रणा जगापुढे आणली. लेझर बदलले, रीडर कपाटाएवढ्याचे टेबलावर मावण्याइतके झाले, पण वाचल्यावर पुसणं तेव्हाही सुटलेलं नव्हतं आणि आजही सुटत नाही. सावली दिसली याचा अर्थ पुसण्याच्या दिव्यांच्या कुवतीपेक्षा प्लेटमध्ये साठलेलं जास्त होतं, किंवा दिव्यांची कुवत कमी झाली, किंवा पुसल्यानंतर प्लेटवर नवीन काही पडलं. चौथी शक्यता ही, की प्लेट पुसलीच गेली नव्हती.

आधी सावली नीट ओळखा

चौथ्या शक्यतेपासून सुरुवात करतो, कारण तिची गल्लत सगळ्यात जास्त होते. इमेजमध्ये दोन शरीरं जवळजवळ सारख्याच जोराने दिसत असतील, उदाहरणार्थ पोटावर गुडघा, तर ती उरलेली सावली नव्हे. एकाच प्लेटवर दोन एक्सपोजर झालेत. कॅज्युअल्टीत गर्दी असली, किंवा आयसीयूत पोर्टेबल घेऊन एकामागून एक बेड करत गेलात, की एक्सपोज झालेली कॅसेट न वाचताच परत हातात येते. इथे रीडर तपासून उपयोग नाही. एक्सपोज झालेल्या कॅसेटची जागा वेगळी करा आणि त्या नेहमी ट्यूबची बाजू भिंतीकडे करूनच ठेवा. कोणत्याही ड्युटीचा माणूस बघताक्षणी ओळखेल अशी एकच पद्धत सगळ्यांनी पाळली की हा प्रकार थांबतो.

खऱ्या सावलीची खूण वेगळी. तिच्यात आधीचा अवयव फारसा दिसत नाही, कडा दिसतात: कोलिमेशनची चौकट, मांडीची किंवा कंबरेची बाहेरची रेघ, शिशाचा मार्कर. कारण सोपं आहे. अवयवाच्या मागे पोचणारी किरणं शरीर गाळून आलेली असतात. शरीराच्या बाहेर पण कोलिमेटरच्या आत जो मोकळा पट्टा राहतो, तिथे बीम थेट प्लेटवर आदळतो. कंबरेच्या लॅटरलमध्ये मणक्यामागे जेवढं पोचतं त्याच्या शंभरपटीहून जास्त त्या पट्ट्यात पडतं. इमेजवर तो भाग नुसता काळा दिसतो, त्यामुळे त्याच्याकडे कोणी बघत नाही. पण पुसायला सगळ्यात जड तोच भाग असतो.

तिसरा प्रकार म्हणजे पूर्ण इमेजभर मळकट करडेपणा, कड नाही, आकार नाही. हा ठेवण्याच्या जागेचा दोष, त्याबद्दल पुढे.

किल्लीची परीक्षा

प्रत्येक कॅसेटवर नंबर हवाच, नसेल तर आजच चिकटवा. आतल्या प्लेटवरही छापील नंबर असतो, तोही लिहून ठेवा. सफाई करताना प्लेट एका कॅसेटमधून दुसरीत गेलेली असेल तर नुसत्या कॅसेटच्या नंबरवरून काही कळत नाही.

आता एक संशयित कॅसेट आणि एक चांगली चालणारी कॅसेट घ्या. दोन्ही रीडरमध्ये पूर्ण इरेज करा. नेहमीचं झटपट इरेज नको, मेनूत सगळ्यात लांब चालणारं जे असेल ते. मग संशयित कॅसेट बकीत (टेबलाखालच्या कॅसेटच्या खणात) ठेवा, टेबलावर बीमच्या मधोमध एक जाड किल्ली ठेवा, खोलीत कोणी नाही याची खात्री करून दार लावा आणि पेशंटशिवाय कंबरेच्या लॅटरलला देता तेवढंच एक्सपोजर द्या. म्हणजे त्या मोकळ्या पट्ट्यात रोज जे पडतं तेच आता सगळ्या प्लेटवर पडलं. नेहमीसारखं रीडरमध्ये घाला, वाचू द्या, रीडरला त्याचं नेहमीचं इरेज करू द्या.

कॅसेट बाहेर आली की लगेच त्याच कॅसेटला हलकं, एकसारखं एक्सपोजर द्या, साधारण चेस्टच्या वेळी प्लेटवर पोचतं तेवढं. किल्ली अर्थातच काढून. आता वाचताना अवयवाचा मेनू निवडू नका. टेस्ट किंवा पॅटर्न असं जे असेल ते घ्या. अवयवाच्या मेनूत रीडर स्वतःच उजेड आणि कॉन्ट्रास्ट ओढूनताणून जुळवतो, त्यात फिकट सावली कधी दडते तर कधी नसलेला दोष मोठा दिसतो. इमेजची विंडो (दाखवायच्या करड्या छटांचा पल्ला) अरुंद करा आणि किल्लीचा आकार शोधा.

किल्ली दिसली नाही तर इरेज ठीक आहे, दोष कामाच्या पद्धतीत किंवा जागेत शोधा. दिसली तर हीच परीक्षा चांगल्या कॅसेटवर करा. दोन्हींवर दिसली तर दोष रीडरच्या दिव्यांचा. एकीवरच दिसली तर संशय त्या प्लेटवर. शेवटी त्या प्लेटचं पूर्ण इरेज करून पुन्हा हलकं एक्सपोजर द्या. पूर्ण इरेजने सावली जात असेल तर प्लेट फेकायची काही गरज नाही.

एक्सपोजर मोजा

दिवे चांगले असूनही सावली राहते ती बहुतेक वेळा भरमसाट एक्सपोजरमुळे. फिल्मच्या काळात जास्त एमएएस (किरणांचं प्रमाण ठरवणारा आकडा) दिला की फिल्म काळी पडायची आणि चूक सगळ्यांना दिसायची. प्लेटचा प्रतिसाद दहा हजारपट फरकापर्यंत सरळ रेषेत राहतो. दुप्पट-चौपट दिलं तरी इमेज सुंदरच दिसते, उलट दाणे कमी झाल्याने जास्तच स्वच्छ दिसते. म्हणून हात हळूहळू वर सरकत जातो आणि कोणाला कळत नाही.

कळायचा एकच मार्ग, इमेजच्या कोपऱ्यातला, प्लेटवर किती किरणं पडली ते सांगणारा आकडा. तो वाचताना यंत्र कोणतं ते लक्षात घ्या. फुजीच्या एस आकड्यात किरणं दुप्पट झाली की आकडा निम्मा होतो, 200 चा 100. कोडॅकच्या पद्धतीत किरणं दुप्पट झाली की आकडा सुमारे 300 ने वाढतो. दोन ठिकाणी ड्युटी करणारे टेक्निशियन इथे गोंधळतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. नव्या यंत्रांवर डेव्हिएशन इंडेक्स असेल तर तो सगळ्यात सोपा: शून्य म्हणजे ठरवल्याइतकं, अधिक 3 म्हणजे दुप्पट, उणे 3 म्हणजे निम्मं. सकाळच्या ड्युटीत या आकड्यांची वही ठेवा. सावली आली त्या दिवशी त्याच कॅसेटवर आधी काय काढलं होतं आणि आकडा काय होता, हे पाहिलं की अर्धं कोडं तिथेच सुटतं.

उपाय कोलिमेशनपासून सुरू होतो. कंबरेच्या लॅटरलला पाठीमागचा मोकळा पट्टा बंद करा, तिथे टेबलावर शिशाच्या रबराची पट्टी ठेवा. हाताचा, पायाचा एक्सरे असेल तर अवयवाभोवती दोन बोटं सोडून बाकी मिटवा. पेशंटची किरणं वाचतात, इमेज स्वच्छ होते आणि सावलीचं मूळच जातं. दुसरं, लॅटरल मणका झाल्यावर ती कॅसेट लगेच लहान मुलाच्या छातीला वापरू नका. वापरावीच लागली तर मध्ये एक पूर्ण इरेज करा.

दिवे

इरेजचे दिवे ट्यूबलाइटच्या जातीचे, हॅलोजन किंवा एलईडी, जे असतील ते. वापराने ते मंद होत जातात. अचानक बंद पडला तर रीडर बहुधा एरर देतो. हळूहळू मंदावला तर अनेक रीडर काहीच सांगत नाहीत, आणि तेव्हाच सावल्या सुरू होतात. आधी फक्त जड एक्सपोजरनंतर, मग साध्या एक्सपोजरनंतरही. सगळ्या कॅसेटवर, पण कधीमधी, असं लक्षण असेल तर दिवे आणि त्यांच्यापुढच्या काचेवरची धूळ हे पहिले संशयित.

दिवा बदलताना बाजारातली तशीच दिसणारी नळी लावू नका. खर्च वाचावा म्हणून हे सुचवलं जातं, पण पुसणाऱ्या प्रकाशाचा वर्णपट महत्त्वाचा आहे. त्यात अतिनील भाग जास्त असेल तर पुसताना प्लेटमध्ये नव्याने थोडी ऊर्जा भरली जाते, म्हणून अनेक रीडरमध्ये तो भाग अडवायला फिल्टर असतो. दिवा कंपनीचाच घ्या, आणि इंजिनिअरने फिल्टर परत जागेवर बसवला का ते उभं राहून बघा.

जागा

पूर्ण इमेज मळकट येते आणि तीही सोमवारी सकाळी किंवा सुट्टीनंतर, असं असेल तर प्लेट आणि रीडर दोघेही निर्दोष असू शकतात. प्लेटला विश्रांती नसते. जमिनीतून, भिंतींतून, आकाशातून येणारं नैसर्गिक किरणोत्सर्जन ती गोळा करतच राहते. त्यात कॅसेट एक्सरेच्या खोलीतच, चेस्ट स्टँडशेजारी भिंतीला टेकवून ठेवल्या असतील तर दिवसभराचे स्कॅटर (विखुरलेले) किरणही पडतात. बेरियमची शोषणाची पायरी (जिथून पुढे किरणांचं शोषण एकदम वाढतं ती ऊर्जा) 37.4 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला असते, जुन्या गॅडोलिनियमच्या स्क्रीनची 50.2 ला. पेशंटच्या अंगावरून उडणारे मऊ स्कॅटर किरण त्यामुळे या प्लेटमध्ये जुन्या फिल्म-स्क्रीनपेक्षा जास्त शोषले जातात. फिल्मच्या काळात चालून गेलेली जागा सीआरला चालेलच असं नाही.

कॅसेट शिशाच्या आडोशामागे किंवा कंट्रोल रूममध्ये ठेवा. पोर्टेबलच्या गाडीवर शिल्लक कॅसेट लटकवून वॉर्डात एक्सपोजर देत फिरू नका. सकाळी पहिल्या पेशंटआधी सगळ्या कॅसेट एकदा इरेज करा, निदान चोवीस तासांत न वापरलेल्या तरी. याला लागणारा वेळ पहिला पेशंट येईपर्यंत निघतो.

सावलीसारखे दिसणारे पण वेगळे दोष

प्लेट पुढे सरकते त्या दिशेने आरपार जाणारी बारीक पांढरी रेघ, प्रत्येक कॅसेटवर त्याच जागी: रीडरच्या आत प्रकाश गोळा करणाऱ्या गाइडवर धूळ आहे. ते काम इंजिनिअरचं, आपण आत हात घालू नये. एकाच प्लेटवर ठरलेल्या जागी पांढरे ठिपके असतील तर त्या प्लेटवर धूळ किंवा ओरखडा. लिंट न सुटणाऱ्या कापडाने आणि त्या प्लेटच्या कंपनीने सांगितलेल्या द्रवानेच पुसा. हातावरचं सॅनिटायझर किंवा पाणी मिसळलेलं स्पिरिट कधीही नको, कारण हा पदार्थ ओलावा शोषून खराब होतो. कोकणात पावसाळ्यात कडांवरून पिवळट डाग आत सरकत आलेले दिसले तर ते ओलाव्याचंच लक्षण समजा. वरचा थर किंवा कडेचं सील उचललं गेलंय, तो डाग कितीही इरेज केलं तरी जाणार नाही. ही प्लेट मात्र खरोखर बदला.

लाइट गेली तर

हे सावलीच्या उलट आहे, पण प्रश्न नेहमी येतो. एक्सपोजर झालं आणि रीडर चालू व्हायच्या आत वीज गेली. पेशंटला पुन्हा एक्सपोजर देऊ नका. कॅसेट न उघडता, उन्हापासून आणि उष्णतेपासून दूर, एक्सरेच्या खोलीबाहेर ठेवा. साठलेली ऊर्जा आपोआप ओसरते, आठ तासांत साधारण एक चतुर्थांश, गरमीत आणखी लवकर. दोन-तीन तासांनी वाचलेली इमेज बहुतेक वेळा वापरण्यासारखी मिळते, थोडे दाणे जास्त असतात एवढंच. प्लेट रीडरमध्ये अडकली आणि इरेजपर्यंत पोचली नाही हे नक्की असेल, तर दुसऱ्यांदा वाचूनही कमी जोराची इमेज मिळू शकते, कारण पहिल्या फेरीत सगळं निघून जात नाही. अडकलेली प्लेट उजेडात बाहेर ओढली तर मात्र ती इमेज गेली.

इंजिनिअरला बोलावताना

"इमेज खराब येते" एवढंच फोनवर सांगितलं की उत्तरही "प्लेट बदला" एवढंच येतं. सावली आलेली इमेज डिलीट करू नका, जपून ठेवा. कॅसेट आणि प्लेटचा नंबर, त्याआधी त्याच कॅसेटवर काय काढलं आणि एक्सपोजरचा आकडा, किल्लीच्या परीक्षेच्या दोन्ही इमेज, पूर्ण इरेजने फरक पडला का, हे सगळं एका कागदावर तयार ठेवा. दिवे मंदावलेत असं परीक्षेतून दिसत असताना कोणी प्लेटचं कोटेशन पाठवलं तर त्या दोन इमेज समोर ठेवून बोला.

सावली असलेली इमेज रिपोर्टिंगला गेली असेल तर त्याच दिवशी रेडिओलॉजिस्टना फोन करून ती कुठे आहे आणि कशाची आहे ते सांगा, आणि त्यांना पुरेसं दिसत असेल तर एक्सरे परत काढू नका. त्या दिवशी त्याच कॅसेटवर नंतर काढलेले बाकीचे एक्सरेही विंडो अरुंद करून एकदा तपासा. सावली एकातच उमटली असेल असं धरून चालू नका.